तुमचे प्रश्न: कॅथलॅबमधले डोळे

सहा वर्षं कॅथलॅबमध्ये (एक्स-रेखाली अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होते त्या खोलीत) नर्स आहे. आम्हाला लेड ॲप्रन आणि थायरॉइड कॉलर मिळते, शिशाचा चष्मा मात्र फक्त डॉक्टरांना. मशीनला हात न लावणाऱ्यांच्याही डोळ्यांना धोका असतो का? – एक वाचक, सांगली

असतो. बोगोटा इथे २००८ मध्ये कॅथलॅबमधल्या लोकांचे डोळे तपासले. नेत्रभिंगाच्या मागच्या बाजूला किरणांमुळे येतो तसला धूसरपणा ३८ टक्के हृदयरोगतज्ज्ञांमध्ये आणि २१ टक्के नर्स-तंत्रज्ञांमध्ये आढळला. किरणांशी संबंध नसलेल्यांमध्ये हे प्रमाण १२ टक्के होतं. मलेशियातल्या पाहणीत नर्स मोजक्याच होत्या, तरी तिथला आकडा ४५ टक्के निघाला. धूसरपणा म्हणजे लगेच ऑपरेशनचा मोतीबिंदू नव्हे, पण सुरुवात तिथूनच होते.

नेत्रभिंगाला रक्तपुरवठा नसतो आणि बिघडलेल्या पेशी बाहेर टाकायची सोयही नसते. कडेच्या पेशी आयुष्यभर विभागत राहतात. किरणांनी त्या बिघडल्या की सरकत सरकत भिंगाच्या मागच्या टोकाशी जमतात. म्हणून आजच्या कामाचा परिणाम कित्येक वर्षांनी दिसतो. हे लक्षात आल्यावर आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २०११ मध्ये डोळ्यांसाठीची वार्षिक मर्यादा १५० मिलिसिव्हर्टवरून (सिव्हर्ट हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) २० वर आणली (पाच वर्षांची सरासरी, कुठल्याही एका वर्षात ५० पेक्षा जास्त नाही). हिशेब करून पाहा: डोळ्याला एका प्रोसिजरमागे ५० मायक्रोसिव्हर्ट (हजार मायक्रो म्हणजे एक मिलिसिव्हर्ट) मिळाले, तर ४०० प्रोसिजरमध्ये वर्षाचे २० मिलिसिव्हर्ट भरतात. चालत्या कॅथलॅबमध्ये ४०० हा आकडा काही फार मोठा नाही.

तुमच्या हातातला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे अंतर. पेशंटपासून एक मीटरवरून दोन मीटरवर गेलात, तर मात्रा साधारण चौथाईवर येते. सिने (नोंदीसाठीचं एक्स-रे चित्रीकरण) चालू असताना किरणांचा मारा नुसत्या फ्लुरोच्या (काम करताना पडद्यावर थेट दिसणाऱ्या एक्स-रे चित्राच्या) कितीतरी पट असतो, तेव्हा औषध भरणं, सलाइन बदलणं ही कामं दोन सिनेच्या मध्ये उरका. डॉक्टरांनी पेडल दाबण्याआधी मोठ्याने 'सिने' म्हणायचं, ही सवय सगळ्या टीमने लावून घ्यावी. पेशंटच्या डोक्याशी उभ्या असणाऱ्या भूलतज्ज्ञाला, आणि हृदयाच्या झडपेच्या प्रोसिजरमध्ये अन्ननलिकेतून इको (हृदयाची सोनोग्राफी) करणाऱ्या डॉक्टरला, मागे सरता येत नाही. छताला टांगलेलं किरण अडवणारं शिल्ड त्यांना झाकतही नाही. त्यांच्यासाठी चाकांचं वेगळं शिल्ड हवं आणि चष्माही हवाच.

०.७५ मिमी शिशाच्या ताकदीचा महागडा चष्मा घेतला. तरी त्याच्या आत लावलेल्या मापकात मात्रा फक्त निम्म्याने कमी झालेली दिसते. चष्मा खोटा असेल का? – एक हृदयरोगतज्ज्ञ, नाशिक

काच बहुधा खरी आहे, फट मोठी असणार. तुमच्याकडे येणारे किरण मशीनच्या एक्स-रे ट्यूबमधून सरळ येत नाहीत, ते पेशंटच्या छातीवरून विखुरतात. तुम्ही पेशंटच्या उजव्या हाताला उभे असता, त्यामुळे छाती तुमच्या डावीकडे आणि चेहऱ्याच्या खाली असते. नजर समोरच्या मॉनिटरवर खिळलेली असते. म्हणजे किरण डावीकडून, खालून येतात आणि गाल व फ्रेम यांच्यातल्या फटीतून थेट डोळ्यात शिरतात. समोरची काच कितीही जाड असली तरी त्यांच्या वाटेत ती नसतेच. शिवाय तुमच्या स्वतःच्या डोक्यावर आदळलेले किरण काही प्रमाणात आतून डोळ्याकडे परततात, त्यांना कुठलाच चष्मा अडवत नाही.

घरी तपासून पाहा. खोलीत अंधार करा, चष्मा लावा, आरशात समोर बघा आणि कुणाला तरी डाव्या बाजूने, छातीच्या उंचीवरून टॉर्च मारायला सांगा. डोळ्याच्या बुबुळावर उजेड पडला तर किरणही पडणार. ०.५ आणि ०.७५ मिमीमध्ये प्रत्यक्ष फरक थोडाच पडतो. वजन मात्र वाढतं, चष्मा नाकावरून घसरतो आणि फट आणखी रुंदावते. गालाला चिकटून बसणारी, कडेलाही शिसं असलेली ०.५ मिमीची फ्रेम आणि मागे पट्टा, एवढं असेल तर आमच्या मते पैसे तिथेच सत्कारणी लागतात. नंबर असेल तर तो त्याच काचेत करून घ्या. नंबरच्या चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला की फट ठरलेलीच. नुसत्या प्लॅस्टिकच्या चष्म्याने रक्ताचे शिंतोडे अडतात, किरण नाही.

आमच्याकडे छताला टांगलेलं शिल्ड आहे, पण ते नेहमी कोपऱ्यात ढकललेलं असतं. ते नेमकं कुठे ठेवायचं? – एक कॅथलॅब तंत्रज्ञ, कोल्हापूर

डोळ्यांसाठी पहिली ढाल हीच, चष्मा त्यानंतर. ०.५ मिमीचं शिल्ड नीट लावलं तर त्याच्यावर पडणारे ९५ टक्क्यांहून जास्त विखुरलेले किरण अडतात. नियम एकच: तुमच्या जागेवरून पेशंटची छाती काचेतूनच दिसली पाहिजे. काचेच्या खालून किंवा बाजूने उघडी दिसत असेल, तर किरणांनाही तुमचा चेहरा दिसतोय असं समजा. बहुतेक चूक खालच्या कडेशी होते. शिल्ड चेहऱ्याजवळ उंच धरलं जातं आणि पेशंटच्या अंगापासून वीतभर फट राहते. कड अंगाला टेकवा. त्यासाठीच तिथे शरीराच्या आकाराची खाच असते. खाली शिशाच्या मऊ झालरी असतील तर त्या अंगावर पसरू द्या.

सी-आर्म (ट्यूब आणि चित्र टिपणारा डिटेक्टर धरणारा मशीनचा हात) फिरला की शिल्डही हलवायला हवं, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं. स्पायडर व्ह्यू नावाच्या तिरप्या कोनात डिटेक्टर पेशंटच्या डाव्या अंगाला जातो आणि ट्यूब टेबलाखालून डॉक्टरच्या बाजूला येते. किरण शिरतात त्या बाजूलाच विखुरणं सर्वात जास्त असल्यामुळे हा व्ह्यू डॉक्टरांना महागात पडतो. तो घेण्याआधी 'शिल्ड' अशी आठवण तंत्रज्ञानेच करून द्यावी. डाव्या मनगटातून प्रोसिजर असेल तर डॉक्टर पेशंटवर ओणवे होतात आणि शिल्ड अडचणीचं वाटून बाजूला सारलं जातं. तिथे पेशंटचा डावा हात पोटावर आणून बांधला की वाकणं बरंच कमी होतं.

शिल्ड कोपऱ्यात जाण्याची कारणं बहुतेकदा साधी असतात: सांध्याचा ब्रेक ढिला होऊन ते खाली घसरतं, किंवा काच डागाळून धूसर झालेली असते. ब्रेक कसून घ्या. प्रत्येक केसला पारदर्शक निर्जंतुक कव्हर चढवा. काच मऊ फडक्याने, सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा.

मशीनवरही बरंच काही तुमच्या हातात आहे. फ्लुरो सेकंदाला १५ ऐवजी ७.५ फ्रेमवर ठेवा, कॉलिमेटर (किरणांचा झोत अरुंद करणारी झडप) आवळा, डिटेक्टर पेशंटच्या जवळ आणा, मॅग्निफिकेशन गरजेपुरतंच वापरा. रक्तवाहिनीत फुगा फुगवल्याची नोंद हवी असेल तर सिने कशाला, फ्लुरोच सेव्ह करा.

टीएलडी बॅजचा (अंगावर पडलेले किरण मोजणाऱ्या बिल्ल्याचा) रिपोर्ट दर तिमाहीला जवळजवळ शून्य येतो. मग डोळेही सुरक्षित समजायचे का? – एक वाचक, पणजी

नाही. छातीवरचा बॅज ॲप्रनच्या आत असतो. तो ॲप्रनमागच्या शरीराची मात्रा सांगतो. डोळ्यांचा अंदाज हवा तर दुसरा बॅज कॉलरच्या बाहेर, डाव्या बाजूला लावा. दोन्ही बॅजवर ठळक खूण करा. अदलाबदल झाली तर रिपोर्ट भलताच येतो आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला चौकशी करत बसावं लागतं. कॉलरचा आकडा चष्म्याबाहेरचा असतो, एवढं वाचताना ध्यानात ठेवा.

डोळ्यांची तपासणी कोणती करावी? अक्षरांचा तक्ता पूर्ण वाचता येतो. – एक तंत्रज्ञ, पुणे

तक्त्यावरून हे कळत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली) भिंगाची मागची बाजू बघून घ्या आणि डॉक्टरांना आपलं काम आवर्जून सांगा. पहिली तपासणी कॅथलॅबमध्ये रुजू होतानाच व्हावी, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार? मधुमेहाने आणि स्टेरॉइडनेही याच जागी धूसरपणा येतो, तेव्हा तीही माहिती द्या. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपू लागले किंवा जवळचं वाचायला त्रास होऊ लागला, तर वर्षाच्या तपासणीची वाट बघू नका. थेंबांचा परिणाम काही तास राहतो, त्या दिवशी गाडी दुसऱ्याला चालवू द्या.