‘होमेज’ घड्याळाला मराठीत काय म्हणावं?

घड्याळांवर मराठीत लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: ‘होमेज वॉच’ला आपल्याकडे शब्द कोणता? नामांकित, महागड्या घड्याळाचं रूप घ्यायचं, पण डायलवर नाव स्वतःचं टाकायचं आणि परवडेल अशा किमतीला विकायचं, असं ते घड्याळ. त्यांनी ‘आदरांजली घड्याळ’ लिहून पाहिलं, पण त्यांचं त्यांनाच पटेना. मित्र म्हणाला, सरळ ‘बनावट’ लिही, उगाच सोवळं कशाला?

‘आदरांजली’ नको, हे खरं. तो शब्द आपण बहुतेक वेळा गेलेल्या माणसाच्या तसबिरीपुढे वापरतो, आणि ज्याचं रूप अशी घड्याळं घेतात ते रोलेक्स कंपनीचं ‘सबमरिनर’ घड्याळ आजही तयार होतं. पण ‘बनावट’ तर त्याहून नको.

‘बनावट’ची मराठीत मोठी गंमत आहे. ‘बनावट घड्याळ’ म्हटलं की ते खोटं. ‘स्विस बनावटीचं घड्याळ’ म्हटलं की उलट भाव वाढतो. ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली तेव्हा ‘स्वदेशी बनावटीची’ विमानवाहू नौका असं आपण अभिमानाने वाचलं. शब्द तोच, पण विशेषण म्हणून आला की फसवणूक आणि नाम म्हणून आला की घडण. होमेज घड्याळाला नुसतं ‘बनावट’ म्हणणं म्हणजे त्याच्यावर फसवणुकीचा आरोप करणं. तो आरोप करायचा तर डायलवरचं नाव आधी वाचायला हवं.

डायलवर ‘रोलेक्स’ छापलंय आणि घड्याळ रोलेक्सचं नाही, तर त्याला आपल्याकडे बनावटपेक्षाही नेमका शब्द आहे: तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला. त्याचा गुन्हा भाऊंसारखं दिसण्याचा नव्हता, ‘मीच भाऊ’ म्हणण्याचा होता. चेहरा कुणाचाही कुणाशी जुळू शकतो, पण नाव उचललं की तोतयेगिरी सुरू होते. मुंबईच्या रस्त्यावर ज्याला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात ते हे तोतया घड्याळ. आपला कायदाही नाव आणि रूप निरनिराळं धरतो. नोंदवलेलं व्यापारचिन्ह दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत कितीही काळ राखता येतं, पण २०००च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवलेल्या रूपाला दहा आणि वाढवून पाच अशी पंधराच वर्षं मिळतात.

मग ‘नक्कल’? हा शब्द मला फार प्रिय आहे, कारण तहसील कचेरीत तो अजून निष्कलंक आहे. सातबाराची नक्कल काढताना कुणाला लाज वाटत नाही. पण नकलेत मूळ जसंच्या तसं उतरावं अशी अपेक्षा असते, शिवाय शेजारी ‘नकली’ उभा असल्यामुळे वाचकाचं मन लगेच तिकडे झुकतं. होमेजमध्ये सगळं उतरवलेलं नसतंच.

हे मला नीट कळलं ते घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे. माझ्या मनगटावर असंच एक आहे: काळं डायल, तासांच्या जागी चमकणारे गोल ठिपके, तासकाट्याच्या टोकाशी तीन फाकांचं वर्तुळ, तारखेवर छोटं भिंग. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि म्हणाले, ‘‘मशीन सेइकोचं आहे, एनएच ३५. चांगलं चालेल.’’ मी जरा संकोचून विचारलं, ‘‘डुप्लिकेट म्हणायचं का याला?’’ ते म्हणाले, ‘‘डुप्लिकेट कसं? नाव कुठे चोरलंय? हे सबमरिनरच्या वळणाचं आहे.’’

वळण! मुलगी आईच्या वळणावर गेली म्हणतो, अक्षराला वळण असतं म्हणतो. त्यात साम्य आहे आणि ते कुठून आलं याची कबुलीही आहे, पण तीच व्यक्ती असल्याचा दावा नाही. त्यातही मला भावतं ते व्याकरण. ‘होमेज वॉच’ हे दोन शब्द मूळ घड्याळाचं नाव न घेता सुखाने उभे राहतात, आणि पुष्कळ विक्रेत्यांना तेच हवं असतं. ‘वळणाचं घड्याळ’ मात्र एकटं उभं राहत नाही. ऐकणारा लगेच विचारतो, कुणाच्या वळणाचं? षष्ठी तुम्हाला मूळ नाव घ्यायलाच लावते.

शिवाय हा शब्द उलट्या बाजूलाही न्याय देतो. ‘मूळ एकच, बाकी सगळे चोर’ असं म्हणणाऱ्यांनी १९५३ हे साल आठवावं. सबमरिनर त्याच सालचं आणि ब्लांपँ या दुसऱ्या स्विस कंपनीचं ‘फिफ्टी फॅदम्स’ घड्याळही त्याच सालचं. दोन्ही पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी, दोन्हींना काळं डायल आणि वेळ मोजायला फिरणारं कडं. पाण्याखाली वाचता यायला हवं, या गरजेनेच ते वळण घडवलं. ऑडमार पिगे कंपनीच्या ‘रॉयल ओक’ घड्याळाची गोष्ट वेगळी. १९७२मधली ती अष्टकोनी चौकट आणि तिच्यावरचे आठ स्क्रू हे जेराल्ड जेंटा या एका माणसाच्या हाताचं वळण आहे. कॅसिओचं २०१९चं अष्टकोनी घड्याळ आलं तेव्हा चाहत्यांनी कॅसिओ आणि ओक जोडून त्याला ‘कॅसिओक’ म्हटलं, म्हणजे कंपनीने न घेतलेलं नाव लोकांनी घेतलं.

आता मूळ शब्दाच्या अर्थाकडे. ‘होमेज’च्या पोटात ‘माणूस’ या अर्थाचा जुना फ्रेंच शब्द आहे. सरदारापुढे गुडघे टेकून ‘मी तुमचा माणूस’ म्हणायचं, तो विधी म्हणजे होमेज. आपणही ‘तो साहेबांचा माणूस’ म्हणतोच. याला मराठीत तोडीस तोड शब्द आहे, मुजरा. ‘मानाचा मुजरा’ आपण रोज ऐकतो. पण मुजरा कुणाला केला हे चारचौघांत दिसावं लागतं. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरी वळणाच्या चपला दाखवल्या आणि त्यांना नुसत्या चामडी सँडल म्हटलं, तेव्हा आपल्या कारागिरांना टोचलं ते हेच. तिथे श्रीमंताने गरिबाचं रूप घेतलं होतं, एवढाच फरक. पुढे कंपनीने कोल्हापुरीचं ऋण मान्य केलं.

म्हणून माझं मत: सरसकट सगळ्या होमेज घड्याळांना ‘मुजरा’ बहाल करू नका. ज्या कंपनीने मूळ घड्याळाचं नाव स्वतः घेतलंय, तिच्यापुरता तो राखून ठेवा. इतरांसाठी लेखात साधं लिहा: ‘हे सबमरिनरच्या वळणाचं घड्याळ, कंपनी अमुक, मशीन जपानी.’