अमेरिकेच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे तिथल्या संसद भवनात, शिल्प असलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री कोण, नागरी हक्क चळवळीतल्या रोझा पार्क्स का?

नाही, पहिला मान गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या सोजर्नर ट्रुथ यांचा. त्यांचा ब्राँझचा अर्धपुतळा एप्रिल 2009 मध्ये बसवला गेला आणि मिशेल ओबामा यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. रोझा पार्क्स यांचा पुतळा फेब्रुवारी 2013 मधला आहे. मात्र तो पूर्णाकृती आहे, आणि कॅपिटॉलमधला कृष्णवर्णीय व्यक्तीचा तो पहिलाच पूर्णाकृती पुतळा. बातम्यांमध्ये 'पूर्णाकृती' हा शब्द गळतो आणि तिथेच घोटाळा होतो.

ट्रुथ यांचा अर्धपुतळा आर्टिस लेन या शिल्पकर्तीने घडवला. तो 'इमॅन्सिपेशन हॉल'मध्ये, म्हणजे 'मुक्ती दालना'त आहे. कॅपिटॉल बांधताना राबलेल्या गुलाम मजुरांची आठवण म्हणून या दालनाला हे नाव दिलं आहे. स्वतः ट्रुथ 1797 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरीतच जन्मल्या. 1826 मध्ये तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन त्या मालकाच्या घरातून बाहेर पडल्या. बेकायदा अलाबामात विकल्या गेलेल्या आपल्या मुलासाठी त्या गोऱ्या माणसाविरुद्ध कोर्टात उभ्या राहिल्या आणि 1828 मध्ये मुलाला परत मिळवलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या, नुकत्याच मुक्त झालेल्या स्त्रीने त्या काळात हे करावं, याला तोड नाही! गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रियांच्या हक्कांसाठीची त्यांची गाजलेली भाषणं त्यानंतरची.

पूर्णाकृती पुतळाच पाहायचा असेल तर मॅसॅच्युसेट्समध्ये फ्लॉरेन्स इथे त्यांचं 2002 मधलं स्मारक आहे. या गावात त्या बरीच वर्षं राहिल्या होत्या.