बोरीबंदरचा पुतळा आणि कलम ३५१

प्रश्न: मुंबई महापालिकेसमोरचा पुतळा सर फिरोजशहा मेहतांचा, असं मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "ते तर वकील होते ना? मग कोर्टासमोर का नाहीत?" मी गप्प! – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: मुलगा वकील होणार बघा. मी तीस वर्षं सिटी सिव्हिल कोर्टात वकिली केली. बॅगेत कायम पालिका कायद्याची शिवण उसवलेली प्रत. पक्षकार घाबराघुबरा यायचा, हातात कलम ३५१ची नोटीस: बांधकाम अनधिकृत, कारणे दाखवा. तो कायदा १८८८चा. पुतळा तिथे का, याचं उत्तर त्यातच आहे.

फिरोजशहा १८६८ साली लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन परतले. हायकोर्टातली बडी कामं तेव्हा गोऱ्यांकडे जात. यांचं बस्तान बसलं ते काठियावाड-गुजरातेत. इकडे १८७१मध्ये पालिका कमिशनर आर्थर क्रॉफर्डच्या (हो, मार्केटवाल्याच!) खर्चावरून शहर खवळलेलं. अशात हा पंचविशीतला बॅरिस्टर भरसभेत त्याची बाजू घेऊन उभा राहिला. म्हणणं असं, की कारभार एकाच्याच हाती राहू द्या, पण त्याच्या डोक्यावर करदात्यांनी निवडलेली माणसं बसवा. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने ६४ सभासदांची पालिका आली, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. आज नगरसेवक कमिशनरच्या नावाने बोटं मोडतात, त्या भांडणाचं मूळ इथलं.

१८८८च्या विधेयकाच्या वेळी ते मुंबईच्या कायदे मंडळात होते, सोबत काशिनाथ त्र्यंबक तेलंग. मूळ मसुदा सरकारकडे झुकलेला. दोघांनी भांडून पालिकेचे अधिकार राखले. माझ्या मते त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम हेच. पुढे ते कलकत्त्याच्या वरिष्ठ, म्हणजे साऱ्या देशाच्या कायदे मंडळात गेले. तिथे १८९५मध्ये पोलीस विधेयकावर इतके तुटून पडले, की अर्थसदस्य वेस्टलंड यांनी सभागृहात 'नवं वारं' शिरल्याची तक्रार केली.

मुलाला सांगायला एक गंमत. १९०७ साली काही गोऱ्या अधिकाऱ्यांनी गट बांधून त्यांना पालिकेच्या निवडणुकीत पाडलं. जस्टिस ऑफ द पीस (सरकारने नेमलेले मानद दंडाधिकारी) मंडळींनी निवडायच्या १६ जागा होत्या, फिरोजशहा सतरावे आले. मग निवडून आलेल्यांपैकी एकाचं पालिकेशी कंत्राट असल्याचं निघालं. तो अपात्र ठरला आणि जागा फिरोजशहांना मिळाली. कायदा तोच, १८८८चा.