शिकंजा नसेल तर सायकलची ट्यूब

प्रश्न : आजोबांच्या सागवानी खुर्चीचे पाय डुगडुगतात. फेविकॉल भरलं तरी महिन्यात सुटतं. सांधा आवळून धरायला शिकंजा (क्लॅम्प) नाही. काय करू? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : सांधा पूर्ण उकला आणि जुना सरस आधी खरवडा. नवा सरस लाकडाला धरतो, जुन्या थरावर धरत नाही. पटाशी (लाकूड तासायची छिन्नी) नको, ती कुसूच, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोकच, खाते. मी तुटकं हॅक्सॉ ब्लेड आडवं धरून खरवडतो. कुसू सैल वाटलं तर रंध्याचं पातळ सालपट फेविकॉलमध्ये भिजवून त्याभोवती लपेटा.

फेविकॉल लावून सांधा बसवला की आता सायकलची पंक्चर ट्यूब. उभी कापून इंचभर रुंदीची पट्टी करा, समोरासमोरच्या पायांभोवती चांगली ताणून वेढे द्या, टोक शेवटच्या वेढ्याखाली खोचा. गोल पायावर लोखंडी शिकंजा घसरतो, वळ उठवतो; रबर दोन्ही करत नाही. मिरजेच्या माझ्या दुकानात खिळ्याला अशा पट्ट्या कायम लटकलेल्या असतात.

लगेच खुर्ची सपाट फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात का बघा, वाळल्यावर काही करता येत नाही. बाहेर आलेलं फेविकॉल ओल्या फडक्याने तेव्हाच पुसा, नाहीतर तिथे पॉलिश धरणार नाही. २४ तास कुणाला बसू देऊ नका.