खानापूरहून आईला घेऊन लंडनला भावाकडे जायचंय. विमान स्वस्त कुठून पडेल, आणि हीथ्रोवरून शहरात कमी खर्चात कसं जायचं?

ताई, आम्ही नवरा-बायको बेळगावच्या शहापुरातून मुलीकडे लंडनला दोनदा जाऊन आलो, त्यावरून सांगतो.

नुसत्या विमानाच्या तिकिटाचा आकडा बघू नका. खानापूरच्या घरातून निघून भावाच्या दारात पोचेपर्यंतचा सगळा खर्च कागदावर मांडा. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, परदेशी विमान नाही. पहिल्या खेपेला मी सांबरा-मुंबई वेगळं तिकीट काढलं आणि मुंबई-लंडन वेगळं. लंडनच्या तिकिटावर माणशी 23 किलोची बॅग चालत होती, देशातल्या विमानात फक्त 15 किलो. जादा वजनाचे पैसे भरताना वाचवलेलं सगळं तिथंच गेलं. शिवाय तिकिटं वेगळी असली की पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढचं विमान आपल्यासाठी थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. दुबई, दोहामार्गे जाणारं विमान बऱ्याचदा स्वस्त दिसतं. ते घेतलंच तर संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असू द्या. पण आई सोबत आहे, म्हणून माझं मत विचाराल तर थोडे पैसे जास्त गेले तरी थेट विमान घ्या. रात्री-अपरात्री परक्या विमानतळावर चार-पाच तास बसणं वयस्कर माणसाला फार जड जातं.

थेट विमानं मुंबईहूनही आहेत, बेंगळुरूहूनही. बेळगावहून दोन्ही शहरं साधारण 500 किलोमीटर. ऑगस्ट 2025 पासून बेंगळुरूला वंदे भारत सुरू झाली आहे, पण तिथलं विमानतळ देवनहळ्ळीला, शहराबाहेर लांब. मुंबईचं टी-2, म्हणजे परदेशी विमानांचं टर्मिनल, शहरातच आहे, म्हणून मी मुंबई धरतो. रात्रीची स्लीपर बस सकाळी सायनला सोडते, तिथून टॅक्सी. बसमध्ये झोप येत नसेल तर बेळगावहून दादरला चालुक्य एक्सप्रेस आहे.

मात्र विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचा. हे कळकळीनं सांगतो. 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत पंचगंगेचं पाणी कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये सीमावाद पेटला तेव्हा दोन राज्यांमधल्या सरकारी बस थांबल्या होत्या. मुंबईतल्या एका रात्रीचा खर्च बुडालेल्या तिकिटापुढं काहीच नाही.

तारखा हातात असतील तर फेब्रुवारी-मार्च बघा. जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर महाग, सप्टेंबरात विद्यार्थ्यांची गर्दी. जायचं-यायचं तिकीट एकत्र काढा. दर कुठंही बघा, पैसे मात्र विमान कंपनीच्याच साइटवर भरा, म्हणजे तारीख बदलायची वेळ आली तर मधल्या एजंटाकडे खेटे घालावे लागत नाहीत. आईसाठी बुकिंग करतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, तिचे पैसे पडत नाहीत. आणि भावाला आपला दुधाचा कुंदा आवडत असला तरी नेऊ नका. बाहेरून येणाऱ्यांना ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत.

हीथ्रोवरून मध्य लंडनमधल्या पॅडिंग्टन स्टेशनला हीथ्रो एक्सप्रेस ही गाडी पंधरा मिनिटांत नेते, पण ती सगळ्यांत महाग. एलिझाबेथ लाइनची रेल्वे त्याहून स्वस्त, आणि पिकाडिली लाइनची मेट्रो एलिझाबेथच्या निम्म्याहून कमी पैशांत जाते. मध्य लंडनला तासभर लागतो, तरी आम्ही दोन्ही वेळा तीच धरली. फक्त आपण उतरणार त्या स्टेशनात लिफ्ट आहे का, हे भावाला आधी विचारून घ्या. सगळ्या स्टेशनांत नाही, आणि बॅगा घेऊन आईला जिने चढवणं अवघड. लिफ्ट नसेल तर एलिझाबेथ घ्या, तिच्या प्रत्येक स्टेशनात आहे. गेटवर बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं, मात्र एका कार्डावर एकच माणूस. आईचं वेगळं कार्ड नसेल तर स्टेशनातच तिच्यासाठी ऑयस्टर कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं लंडनचं प्रवास कार्ड) घ्या.