गोल्फमध्ये चेंडू लांब जावा म्हणून जिममध्ये नेमकं काय करावं?

आधी दंडांचा नाद सोडा. बायसेप्स आणि बेंच प्रेसवर महिनेच्या महिने घालवले तरी चेंडू पडायचा तिथेच पडतो. स्विंगचा, म्हणजे काठी फिरवून चेंडू मारण्याचा, जोर जमिनीतून वर येतो: पाय, नितंब, धड, खांदे आणि सगळ्यात शेवटी हात.

म्हणून पहिला मान डेडलिफ्टला, म्हणजे वाकून जमिनीवरचं वजन उभं राहत उचलण्याला. वजनाचा बार नसेल तर केटलबेल, म्हणजे वर कडी असलेलं गोल वजन, चालेल. गुडघे किंचित वाकवायचे, पाठ सरळ ठेवून नितंब मागे ढकलायचे, जणू हातात सामान आहे आणि दार पाठीमागून लोटायचंय. मांडीच्या मागे ताण आला तर जमतंय. कमरेत आला तर वजन कमी करा. ६ ते ८ वेळा, ३ सेट, आठवड्यातून दोनदा पुरे.

माझा लाडका व्यायाम मात्र मेडिसिन बॉलचा, म्हणजे व्यायामाच्या जड चेंडूचा. २ ते ४ किलोचा बॉल घ्या, भिंतीकडे खांदा करून उभे राहा आणि आधी नितंब वळवून बॉल भिंतीवर आदळा. हात आधी निघाले की फेक लगेच मवाळ पडते, चूक आपोआप कळते. दोन्ही बाजूंनी करा, हा खेळ शरीराला एकाच बाजूने पिळतो.

पकडीसाठी जड डंबेल दोन्ही हातांत धरून चाला. प्लँक हवं तर करा.

अमेरिकन गोल्फपटू ब्रायसन डीशॅम्बोने अंगावर भरपूर वजन चढवून २०२० ची यूएस ओपन गोल्फ स्पर्धा जिंकली, ते बघून हुरळू नका. त्याचा स्विंग आधीपासूनच पक्का होता. आणि हो, सामन्याच्या आदल्या दिवशी डेडलिफ्ट नको.