एएमएल या रक्ताच्या कर्करोगाच्या रिपोर्टमध्ये एनपीएम१ पॉझिटिव्ह, एफएलटी३-आयटीडी निगेटिव्ह आलंय (ही दोन जनुकीय बदलांची नावं). हे चांगलं की वाईट?

चांगलं. युरोपियन ल्युकेमियानेट या तज्ज्ञांच्या गटाच्या २०२२ च्या वर्गवारीत ही जोडी ‘अनुकूल’ गटात येते: केमोथेरपीने रोग आटोक्यात येण्याची शक्यता जास्त, आणि पहिल्याच रेमिशनमध्ये (रोग आटोक्यात आल्यावर) मूळपेशींचं ट्रान्सप्लांट सहसा करत नाहीत. एफएलटी३-आयटीडी असतं, तर गट ‘मध्यम’ झाला असता. त्या बदलामुळे पेशींना वाढत राहण्याचा संदेश मिळत राहतो आणि रोग उलटण्याचा धोका वाढतो. (त्यावर आता मिडोस्टॉरिनसारखी औषधं आहेत, त्यामुळे ते नाव दिसलं तरी लगेच हाय खाऊ नये.) सगळ्यात वाईट टीपी५३ या जनुकातला बदल, तिथे केमोथेरपीचा परिणामच कमी होतो. एनपीएम१ चा आणखी एक फायदा म्हणजे उपचारांनंतर रक्तात त्याचा माग काढता येतो. केमोथेरपीच्या दोन सायकलींनंतर (फेऱ्यांनंतर) तो सापडला नाही, तर ती बातमी मला मूळ गटापेक्षाही मोलाची वाटते.

पण गुणसूत्रांचा, म्हणजे कॅरिओटाइपचा रिपोर्ट आला का ते आधी विचारा. त्यात प्रतिकूल बदल निघाले, तर एनपीएम१ असूनही गट ‘प्रतिकूल’च धरतात. शिवाय ही वर्गवारी मुख्यतः तीव्र केमोथेरपी घेतलेल्या रुग्णांवरून बनली आहे. वयस्क रुग्णांच्या सौम्य उपचारांना ती जशीच्या तशी लागू होत नाही.